तिसरं बेअरिंग

आठ महिन्यांत हे तिसरं.
नंबर तोच, त्रेसष्ट शून्य नऊ,
मोटर तीच, उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या ब्लोअरची.
मालक म्हणाले, ग्रीस हलकं भरलंस नागोजी.
मी डबा दाखवला. सील माझ्याच हातानं फोडलेलं.
डब्याची साक्ष कोण घेतं!

इराप्पा स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवतो,
मूठ कानाच्या हाडावर.
"खरखर न्हवं गा. गुणगुण हाय.
झिजलेलं असं एका सुरात बोलत नाही."

मग ग्राइंडरनं बाहेरची कडी कापली.
ग्रीस तव्याच्या बुडासारखं,
वास जळका.
डिझेलनं धुतलं, चिंधीनं पुसलं,
तर पोलादावर रेघा
आडव्या, सारख्या अंतरावर,
टकाऱ्यानं पाटा टाचावा तशा.
पण टाकीचा आवाज कुणी ऐकला नव्हता,
दारावरून कुणी हाक देत गेलं नव्हतं.

गोळी कडीला शिवत नाही.
मध्ये तेलाचा पडदा,
केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढा,
सगळं वजन त्याच्यावर फिरतं.
दिवाळीत ड्राइव्ह बसवला, बिल उतरलं, पेढे वाटले.
तेव्हापासून थोडी वीज नेमल्या वाटेनं परतेना.
शाफ्टवर चढते,
तुंबते,
पडद्यातून उडी टाकते.
सुईच्या टोकाहून लहान जागेत
पोलाद वितळतं, गोठतं, वितळतं,
सेकंदाला हजारदा.
अडसर जितका चांगला, तितकी उडी जबर.
आता मालकांना कसं सांगू,
ग्रीस वाईट असतं तर एवढं झालं नसतं?

मी मराठीत सांगितलं, इराप्पानं कन्नडमध्ये.
मालकांनी दोन्ही नीट ऐकलं
आणि विचारलं, किती लागतील.

कार्बनचा ब्रश शाफ्टला अलगद टेकवला,
तांब्याची वेणी खाली नेली.
अर्थिंगचा खड्डा उघडला तर कोरडा ठाक.
मीठ-कोळसा ढेकळासारखा,
वर कुणाच्या तरी विड्यांची थोटकं.
पाट्यांच्या भांडणावरून बंद होता
त्या दिवशी तेवढी मोटर निवांत होती.
इराप्पानं न बोलता दोन बादल्या ओतल्या.
मातीनं सुर्र केलं.

चौथं बसवलंय.
तिसऱ्याची अर्धी कडी माझ्या टेबलावर,
बिलं उडू नयेत म्हणून.
फोनवर बोलताना नख फिरवतो,
कर्र वाजतं.

इराप्पा रोज सकाळी ऐकायला येतो.
काय म्हणतं, विचारलं
तर मूठ माझ्या कानाशी धरतो.