आलेखातला खड्डा

नैरोबीत, सातव्या मजल्यावर,
पडद्यावरच्या आलेखात एक खड्डा होता.
दर महिन्याला पडायचा, आठवडाभर राहायचा, मग आपोआप भरून यायचा.
"बाया अ‍ॅप सोडून जातात," किप्रोनो म्हणाला,
"आणि परत का येतात, देव जाणे."
ठरलं असं, की खड्डा लागला की निरोप धाडायचा:
तुमची आठवण येते.
शेजारी एक पिवळा, हसरा मासा.
मग मला बसमध्ये बसवलं. जाऊन बघ, म्हणाले.

मी पोचले तेव्हा अवस नुकतीच उलटली होती.
पहिले तीन दिवस मी नुसती वाळूत बसून होते.
वहीत उतरलं ते असं:
आवुओर फाटक्या जाळ्यावर मासळी पसरते,
ओमेना, करंगळीएवढीही नाही, चांदीच्या काड्या जणू.
फोन दुधाच्या रिकाम्या पिशवीत, पिशवी कमरेच्या कापडात.
फोन उघडायचा तर थोरलीला हाक.
"अंगठा का नाही लावत?" मी विचारलं.
तिनं अंगठाच माझ्यापुढे धरला.
तीस वर्षं वाळू, ऊन आणि जाळं.
रेघ म्हणून उरली नव्हती.

माझी स्वाहिली तिला कळते,
हसते मात्र ती धोलुओत.

ती विकते डब्यानं.
डबा शिगोशीग भरते, हातानं दाबते,
आणि वर एक मूठ. प्रत्येकीला. भांडलेल्या बाईलाही.
आमच्याकडे वजनाची चौकट आहे, भावाची आहे,
मुठीची नाही.
"ही मूठ कशात धरायची?"
"मोजली," ती म्हणाली, "तर मूठ कशी राहील?"
मी पेन्सिल कानावर ठेवली.

रात्री पाण्यावर दिव्यांचं दुसरं गाव वसायचं.
दिव्याला भुलून मासा वर येतो,
फसतो बिचारा, म्हणून पोरांची फी भरली जाते.
मी परतीचं तिकीट पुढे ढकललं, मग आणखी एकदा.
अकराव्या रात्री दिवे निम्म्यावर आले होते.
चौदाव्या रात्री एकही नाही.

"गेले कुठे सगळे?"
आवुओर बोलली नाही. हनुवटीनं वर दाखवलं.
"एवढा मोठा दिवा टांगलेला असताना
आपल्या कंदिलाला कोण विचारतं?"

आमच्या तक्त्यात सोमवार होते, महिनाअखेर होती,
पगाराची तारीख लाल रंगात होती.
चंद्र नव्हता.

होड्या वाळूवर पालथ्या पडल्या होत्या.
पुरुष जाळी सांधत होते, बाया एकमेकींच्या वेण्या घालत होत्या.
राहिलेला दवाखाना, राहिलेलं लग्न, भिशीचा हिशोब,
सगळं ह्याच उजेडात उरकायचं असतं.
कुणीही काहीही सोडून गेलेलं नव्हतं.

आणि तेवढ्यात कमरेकमरेला फोन थरथरले.
एक, मग चार, मग सगळा काठ.
थोरलीनं आईला वाचून दाखवलं: तुमची आठवण येते.
आवुओरनं माझ्याकडे पाहिलं, अगदी साधेपणानं.
"कुणाला?"

ते वाक्य मीच लिहिलं होतं,
एका दुपारी, कॉफी पिता पिता.
मी तिला सांगितलं नाही.
जाळ्याचं एक टोक धरलं आणि झटकायला लागले.

नैरोबीत मी खड्ड्यावर चंद्र ठेवून दाखवला.
बरोबर बसला, तव्यावर झाकण बसावं तसा.
खोलीत कुणी काही बोललं नाही, मग किप्रोनो हसला, स्वतःलाच.
"मग पडद्यावर काय ठेवायचं?"
"काही नाही. चांदणं असेपर्यंत गप्प बसायचं."
त्यानं कामांच्या यादीत लिहिलं: गप्प बसणे.
पुढे लिहिलं: दोन दिवस लागतील.

अंगठ्याचं सांगितलं. थोरलीचं सांगितलं.
मुठीचं पान मात्र मी उलटलंच नाही.
ते वहीत आहे अजून,
आणि खणात ठेवली तरी
वहीला ओमेनाचा वास येतो.