बारं

बरक्यातला पहिला मळा शुक्रवारी पाहिला.
निळं फाटक, आत शेंडे झडलेले खजूर,
विजेच्या खांबांसारखे सरळ.
मालकाचा पुतण्या म्हणाला, विहीर आहे, मोटर नवी आहे.
श्रीरंगनं बादली भरली, मी पर्समधलं मीटर बुडवलं,
आकडा चढतच राहिला.
मिहिकानं बोट चाटून निकाल दिला :
"लोणच्याची बरणी विसळलेलं पाणी."

समुद्र खालून आत येतो म्हणे,
आपण उपसू तितका.

दुसरा सुवैकला. पाणी चांगलं,
पण मालकाला मधोमध पोहायचा तलाव हवा होता
आणि भोवती थोडी हिरवळ, फोटोपुरती.
तिसऱ्याचा फोन लागलाच नाही.
चौथ्यानं विचारलं, तुमच्यात शेतकरी कोण?

बरोबर विचारलं.
मी रुवीत अकरा वर्षं लोकांची खाती जुळवते,
श्रीरंग लिफ्ट दुरुस्त करतो.
माझ्या माहेरी शिवणयंत्रांचं दुकान, त्याच्याकडे तीन पिढ्या पोस्टात.
शेत आम्ही विकलं नाही, सोडलं नाही,
नव्हतंच.
चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत सात डबे,
तेलाच्या डब्यात मेथी, रंगाच्या डब्यात वांगं,
सातबारा म्हणायचा तर तेवढाच.
पण वहीत सगळं मांडलेलं :
दहा शेळ्या, तीस कोंबड्या, निम्म्यात लसूणघास,
उरल्यात भाजी, बांधाला शेवगा,
एक बसलं तर दुसऱ्यानं उभं राहावं.

मग नखल.
मागे उघडा डोंगर, भाजलेल्या विटेच्या रंगाचा,
आणि त्याच्या पोटातून निघून
घरांच्या उंबऱ्यांपाशी वळत जाणारा फलज.
हमूद बिन सालिम काठी टेकत पुढे, आम्ही मागे.
एक फेदान म्हणाले. श्रीरंगनं मोबाइलवर त्याचे
बेचाळीस गुंठे केले.
वर खजूर, खजुराखाली आंबा,
आंब्याखाली काही नाही.
"काही नाही ते तुमचं. खजूर माझे."
आणि पाणी?
"पाणी बहिणीचं."

इथे जमीन एकाची, पाणी दुसऱ्याचं,
अर्ध्या अर्ध्या तासाचे हिस्से, त्यांना अथर म्हणतात.
बारं, मी पुटपुटले, आमच्याकडे बारं म्हणतात,
जन्मात एकदाही न दिलेलं,
फक्त आत्याच्या तोंडून ऐकलेलं.

मोझाबाईंनी काहवा ओतला.
माझी अरबी बिलांची, थकबाकीची, तारखांची,
तिच्यात शेळ्या बसवताना दमछाक झाली.
त्यांनी यादी शेवटपर्यंत ऐकली. मग एकच प्रश्न :
रात्री शेळी व्याली तर उठणार कोण?
मी श्रीरंगकडे बोट केलं,
त्यानं माझ्याकडे, त्याच क्षणी.
त्या इतक्या हसल्या की पदरानं डोळे टिपावे लागले.
पेला पुन्हा भरला.
दोन अथर, दर आठव्या दिवशी,
पहाटे दोन चाळीसला.
पूर्वी ताऱ्यावर वेळ मोजत, म्हणाल्या,
आता मोबाइल. तारा उशीर करत नव्हता.

काल पहिलं बारं.
मिहिका गाडीत झोपलेली, एक चप्पल बाहेर.
पाटकरी नूरुद्दीन सिल्हेटचा, तोंडात बॅटरी धरून
दगड सरकवला, जुन्या दिशदाशाचा बोळा
दुसऱ्या तोंडात कोंबला, म्हणाला, घ्या.
घ्यायचं कसं ते कुणी सांगितलं नव्हतं.
पाणी आधी कोरड्यात मुरलं, आवाज न करता,
मग पुढे आलं, चप्पल ओली करून गेलं,
एका वाफ्याचा बांध फोडला
आणि आम्ही दोघं, फावडं एकच,
हातांनी चिखल लोटत राहिलो.
मध्येच मी मीटर बुडवलं. सवय.
आकडा पाहायला बॅटरी नव्हती,
म्हणून ओंजळीनं प्यायले.

करार एका वर्षाचा.
मेथी पंचवीस दिवसांत येते, केळ वर्षाच्या आसपास.
लिंबाला चार वर्षं लागतात.
डिकीत लिंबाची तीन रोपं आहेत,
बरक्याच्या रोपवाटिकेतून, मोझाबाईंनी पाठवलेली.
अजून उतरवली नाहीत.
रोज सकाळी ऑफिसला जाताना
सिग्नलला त्यांचा वास येतो.