डावा कान

अन्शानच्या बाजारात, मातीच्या तटाला टेकून,
तीन पिढ्या आम्ही शिक्के कोरतो.
दगड अंगठ्याएवढा. अक्षरं उलटी.
सरळ होतात ती ओल्या मातीत,
तोवर कोरणारा घरी गेलेला असतो.

नवा राजा आला तो चामड्याच्या विजारीत,
अंगाला घोड्यांचा वास. आमची बोली त्याच्या तोंडात
अजून खड्यासारखी फिरायची.
म्हणाला, हुतरान, शिक्का हवा.
'अन्शानचा राजा' असं लिही. मग बापाचं नाव,
मग आजाचं, मग त्याच्याही बापाचं.

बापाचं नाव त्यानं झटकन सांगितलं.
आजाचं, जरा थांबून.
पुढे नुसता दाढी कुरवाळत राहिला.

नदीचं मूळ नि राजाचं कूळ विचारू नये म्हणतात.
पण मला दगड मोजायचा होता. विचारलं.

मग तंबूतून रदुश्काला आणलं, दोघांनी धरून.
आजाची धाकटी बहीण. तोंडात दात नाही,
हातात लोकर पिंजायची फणी, ती काही सोडेना.
"बापाला बापच म्हणायचो आम्ही.
नावानं हाक मारणारी आई,
ती त्याच्याबरोबर बर्फात गेली.
खिंडीत सगळा कळप मेला. एक घोडी उरली, वाफ्रा.
डावा कान लांडग्यानं नेलेला.
तिच्या दुधावर आम्ही चार भावंडं जगलो.
तिची शिंगरं विचार, एकूण एक सांगते."

आणि सांगू लागली.
दिव्यात दोनदा तेल घालावं लागलं.

राजा हसला नाही.
आपल्या चिखलाळ जोड्यांकडे बघत म्हणाला,
नावं दोनच राहू देत. घोडा मोठा कर.

मी स्वार कोरला, भाला कोरला,
खाली पडलेला शत्रू
(तो सगळ्यांच्याच शिक्क्यावर पडलेला असतो).
आणि डावा कान, अर्धा.
मजुरी चार मापं जव नि एक मेंढी.
मेंढी लंगडी निघाली.

परवा सणाला भाट गात होते,
मूळपुरुषाला म्हणे गरुडानं वाढवलं.
लोक माना डोलवत होते. मीही डोलवली.
रदुश्काच्या जागेवर आता कुणी दुसरं बसतं.

कोठाराच्या दाराला मातीचा गोळा लावतात,
त्यावर शिक्का फिरवतात. घोडी बाहेर येते.
येता-जाता मी वाकून बघतो,
कान नीट उमटलाय ना.