लांबचा रस्ता

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
कूलरला कालच नवा वाळा लावलाय,
आणि माझ्यासमोर फ्रीजएवढी एक दुर्बीण,
पाचशे किलोमीटर वर.
आत्ता इकडे बघतेय, तिकडे वळवायची आहे.

मधे सूर्य आहे.

त्याच्याभोवती बत्तीस अंशांचा शंकू आखलाय.
त्यात तिची नजर चुकूनही शिरायची नाही.
शिरली तर काच उरेल, डोळा नाही.
आणि वळायचं सेकंदाला पाव अंशानं, त्याहून जलद नाही,
नाहीतर तिच्या आतला भोवरा
किती वळलो तेच विसरतो.

सरळ कमान एकशे अठरा अंशांची,
आठ मिनिटांत पोचते.
ती सूर्यातूनच जाते.
चौदा वेळा मांडली, चौदा वेळा लाल.

पलीकडच्या खोलीत दिवाण करकरला.
डॉक्टर निखाडे म्हणाले होते,
आतल्या कानातले खडे जागचे सुटलेत,
धुळीच्या कणाएवढे,
पण तेवढ्यानं घर फिरतं.
उजवीकडे वळायचं नाही. झटका तर नाहीच नाही.

माठ उजवीकडे आहे. हात लांबवला की पोचेल इतका.
माझी आई डाव्या कुशीवर होते,
थांबते,
कोपरावर उठते, थांबते,
पाय खाली, मान आणि खांदे एकत्र,
जणू डोक्यावर भरलेली घागर,
आणि दिवाणाला अख्खा वळसा घालून
माठाशी येते.

मी उठले, तर म्हणाली,
"बस तू. येऊन राहिली मी."

दुपारी दोनला बर्डीवर तरी
सरळ रस्ता कोण ओलांडतं?
दुपट्टा डोळ्यांपर्यंत घेऊन
दुकानांच्या पत्र्याखालून, टपरीमागून,
लिंबाच्या तुकडाभर सावलीला धरून
माणसं समोरच्याच दारात
चांगली दोनशे पावलं चालून पोचतात.
त्याला कुणी चूक म्हणत नाही.

मग मीही पाठीमागून नेली तिला,
काळ्या बाजूनं, मधे एक थांबा देऊन.
एकशे पासष्ट अंश. अकरा मिनिटं.
बंगळुरूहून साहेबांचा प्रश्न आला:
तीन मिनिटं जास्त का?
उत्तर लिहायला घेतलं, खोडलं,
"सूर्य" एवढंच पाठवलं.

आज्ञा वर गेली पहाटे तीन चाळीसला.
भिंतीपलीकडे ग्लास ठेवल्याचा आवाज.
"जागीच आहे का गं? वळलं का तुझं ते?"

पडद्यावर आकडा सरकत होता,
एकेचाळीस, एकेचाळीस पूर्णांक एक चतुर्थांश.

"वळून राहिलं, आई."