हातचा एक

शाळेची डायरी वेगळी.
तिच्यात रकाने: तारीख, तासिका, पाठ, उद्दिष्ट पूर्ण? हो.
ते 'हो' मी महिनाअखेरी एका बैठकीत लिहिते,
चहा निवेस्तोवर.
प्राचार्य तोमरसर न वाचता सही करतात,
मी न बघता डायरी परत घेते.
कुणाचीच तक्रार नाही.

ही दुसरी.
खजुरी बाजारातून आणलेली, लाल कापडी पाठीची.
दुकानदारानं विचारलं, हिशेबाला हवी का?
म्हटलं, हो, हिशेबालाच.

वर्गात दिवसभर हिंदी.
'हासिल आया एक' म्हणत
खडू पुढच्या रकान्याच्या डोक्यावर चढतो.
रात्री मल्हारगंजच्या दोन खोल्यांत
ओटा पुसून झाला
की तोच दिवस मराठीत येतो,
आणि हासिलचा हातचा होतो.

पहिली पानं आता वाचवत नाहीत.
'मुलं लक्ष देत नाहीत. मुलं पाढे विसरतात. मुलं...'
सतरा पानं नुसती मुलंच मुलं.
अठराव्या पानावर, कोण जाणे कसा,
'मी' हा शब्द पहिल्यांदा आला.

'आज दुर्गेशनं विचारलं,
मॅडम, आधे से भाग दो तो बढ़ता क्यों है?
म्हटलं, फालतू प्रश्न नकोत, उलटं कर आणि गुण.
वर्ग हसला. तो बसला.
मला राग आला होता'
इथं खाडाखोड आहे.
'राग' खोडून 'घाई'.
'घाई' खोडून शाईचा एक पसरलेला ठिपका,
पेन तिथंच टेकून राहिलं असणार.
मग बारीक अक्षरात:
'मला येत नव्हतं.'

एकवीस वर्षं उलटं करून गुणत आले
आणि येत नव्हतं.
हे वाक्य तोंडानं म्हणता येत नाही,
स्टाफरूममध्ये तर नाहीच.

मग मागची पानं चाळली.
'दुर्गेश झोपला होता', तीनदा.
तिन्ही तारखा सोमवारच्या.
तो तर रोजच समोर होता,
पण रोजच्या बघण्यात सोमवार दिसत नाही.
एकाखाली एक लिहिला की दिसतो.

रविवारी कापड बाजार बंद.
उतरलेल्या शटरांपुढे कटपीसवाले बसतात.
त्यांच्यात दुर्गेश मालवीय, सातवी ब,
हातात मापाची लोखंडी पट्टी, आवाज ओरडून बसलेला.
मी अस्तर मागितलं. तीन मीटर,
अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे करून.
त्यानं कापले, घड्या घातल्या,
मोजून माझ्या हातावर ठेवले. सहा.
आणि माझ्याकडे बघितलं.
मान आधी मी खाली घातली.

सोमवारी फळ्याशी तो होता.
मी त्याच्या बाकावर.
बाक हलतो, हे मला माहीत नव्हतं.
तेही लिहिलं.

सगळंच असं जमतं, असं नाही.
तेरा डिसेंबरच्या पानावर एकच नाव, शहाना,
आणि खाली कोरं.
त्या दिवशी हजेरीपटातून ते कमी झालं.
हात अर्धा वर करून ती खाली घ्यायची,
हे मला आठवतं,
पण वहीत कुठंच सापडत नाही.
तेव्हा मी 'मुलं' लिहीत होते.
ते पान मी फाडलेलं नाही, भरलेलंही नाही.

निवृत्त होताना ढवळीकरबाई म्हणाल्या होत्या,
हातचं राखून शिकवू नकोस गं.
राखलं नाही, बाई, काहीच.
फक्त दिवसांची बेरीज करताना
हातचा धरायचीच विसरत होते,
आणि उत्तर चुकलं की मुलांना ओरडत होते.

आज 'हर' म्हणायच्या जागी तोंडातून 'छेद' गेलं.
मागून कुणीतरी: छेद? मतलब सुराख़?
वर्ग हसला. ह्या वेळी मीही.
एवढंच लिहून दिवसाखाली रेघ ओढली.
उद्याच्या रकान्यावर, लहानसा, तिरका,
हातचा एक.