चाकोरी

मुखपृष्ठावरचा तो फोटो मी काढलेला.
लाल गाडी, बॉनेटच्या दोन्ही अंगांना
उघडलेले पाण्याचे तपकिरी पंख,
काचेमागे डर्मटचं हसू,
आणि खाली जाड अक्षरांत:
चाकोरीबाहेर या.

डर्मट चौथ्या खेपेला हसला.
पहिल्या वेळी ढग आला,
दुसऱ्या वेळी पाणी पुरेसं उडलं नाही,
मी ओरडलो, जरा जोरात घाल.
तिसऱ्या वेळी वायपर चालू राहिले.
वीस पावलांवर, वरच्या बाजूला
गोट्यांचा उथळ उतार होता,
व्हिक्टोरियाच्या त्या डोंगरातले गुराखी
आपली जनावरं तिथूनच न्यायचे.
तो चौकटीत येऊ नये म्हणून
मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो.

संध्याकाळी इंजिन पाणी प्यायलं
आणि लाल गाडी दोराने ओढत
पायथ्याच्या गावात न्यावी लागली.
त्याचाही फोटो आहे माझ्याकडे.
संपादकबाई म्हणाल्या, छान आहे,
पण हा कोण विकत घेईल?

अकरा वर्षांनी मर्नाने बोलावलं.
ती तिथली वनरक्षक. तिने काही सांगितलं नाही,
फक्त चालत नेलं.
ओढ्यापाशी एका वाटेच्या सात झालेल्या.
जो तो आधीच्याचा चिखल चुकवायला
जरासा डावीकडून गेलेला,
आणि जरासं जरासं करत
चाकं पोचली होती वरच्या दलदलीत,
जिथलं शेवाळ पाऊस धरून ठेवतं
आणि उन्हाळ्यात थेंब थेंब सोडतं.
मर्नाने एका खोल चरात हात घातला, कोपरापर्यंत.
तिथे काळं पाणी होतं, वर तेलाचा तवंग.
ती म्हणाली, ही जखम
माझ्या नातवाच्या निवृत्तीपर्यंत भरेल. कदाचित.

तेवढ्यात इंजिनाचा आक्रोश ऐकू आला.

पोरगा विशीतला, नाव कॉर्मॅक,
गाडी बापाची, अक्सलपर्यंत रुतलेली,
तरी तो रेस देतच होता.
गवतात तिकाटण्यावर फोन लावलेला,
लाल ठिपका चालू.
मर्नाने विचारलं, पाटी दिसली नाही?
तो म्हणाला, दिसली.
पण फोटोत नव्हती ना.
कुठला फोटो, हे तिने विचारलं.
मी विचारलं नाही.
नऊ वर्षांचा होता तेव्हापासून
त्याच्या पलंगासमोर चिकटवलेला होता तो.

पाटी तेव्हाही होती.
मी तिच्यावर माझं जाकीट टांगलं होतं.

मग चारही टायरांतली हवा कमी केली,
फावड्याने चिखल उपसला,
चाकांखाली फळ्या सरकवल्या.
आता हळू, मी म्हणालो, अजून हळू,
जसं झोपलेल्या मुलाखालून हात काढावा.
गाडी निघाली. उपटलेले शेवाळाचे गड्डे
आम्ही तिघांनी सुलटे करून बसवले,
गार, जड, ओल्या लोकरीसारखे.
मर्नाने दंडाची पावती फाडली.
त्याने घेतली. माझ्या नावाची कुणी फाडली नाही.

किती सहज लिहिलं होतं आम्ही ते.
चाकोरी म्हणजे काय,
तर आधीच्यांनी केलेलं नुकसान
दोन रेघांत कोंडून ठेवणं,
म्हणजे उरलेलं रान सुटतं.
हे छापायला जागा होती.
त्या पानावर विंचची जाहिरात गेली.

उतरताना गोट्यांच्या वाटेने ओढा ओलांडला,
मर्ना पुढे पायी, काठीने तळ चाचपत.
पाणी चाकाच्या मध्यालाही लागलं नाही.
काहीच उडलं नाही.
एवढंच? कॉर्मॅक म्हणाला.
एवढंच, मर्ना म्हणाली.

पलीकडे गेल्यावर त्याला आठवलं,
फोन वरच राहिला, गवतात,
रिकाम्या दलदलीचं चित्रण करत,
गाडी नाही, माणूस नाही,
असलाच तर एखादा बेडूक.
त्याने चावी फिरवली, मागे वळायला.

चालत जा, मी म्हणालो.