समासात

मे महिन्यात प्रश्न इंग्लंडच्या हिरवळीवरचे असतात
आणि उत्तरं गोळीबार चौकातून येतात.
कूलरची ताटी परवाच बदलली, वाळा अजून ओला आहे,
तरी कागद घामाने मनगटाला चिकटतो.

प्रश्न तिसरा, गुण दहा:
कादंबरीतील प्रेम, स्वातंत्र्य आणि नीती यांची चर्चा करा.
अठ्ठेचाळीस जणींनी केली आहे चर्चा.
सत्तेचाळीस जणींनी एकाच गाइडातून,
बर्डीवरच्या एकाच दुकानातल्या,
स्पेलिंगच्या चुकीसकट.

उरलेली चारुलता पराते.
दीड पान इंग्रजीत, मग शाई बदलून मराठीत:

मॅडम, या पुस्तकात कोणीच काम करत नाही
पण कोणाला वर्षाचे किती मिळतात हे सगळ्यांना पाठ आहे.
आमच्या गल्लीत पण तसंच आहे.
परवा पाहून गेले ते वेकोलित पर्मनंट आहेत, उमरेडला.
बेसिक किती, डीए किती, क्वार्टर कोणत्या टाइपचं,
हे वरच्या काकूंनी सांगितलं, नाव सांगायच्या आधी.
यांच्यात नाच असतो ते बरं आहे.
सगळ्यांसमोर हात धरता येतो, वाजवणं थांबेपर्यंत.
आमच्यात पोह्यांची प्लेट धरता येते.

मी लाल पेनाने 'विषयांतर' लिहिते, आणि पुढे वाचते.
कोणती ही? तिसऱ्या बाकावरची?
गेटबाहेर पडल्या की सगळ्या सारख्याच,
स्कूटीवर, डोळ्यांपुरत्या उघड्या.
स्कार्फ उन्हासाठी, असं आया समजतात.
फुटाळ्याच्या काठावर सातनंतर ऊन नसतं,
स्कार्फ असतो.

मॅडम, ती पैसेवाल्याला नाही म्हणते.
गाइडात याला व्यक्तिस्वातंत्र्य लिहिलं आहे.
पण तिथं प्रकरण संपतं. पान उलटलं की सकाळ.
मला रात्रीचं विचारायचं होतं.
त्या रात्री तिच्या घरी काय झालं?
कोण जेवलं नाही? बाप बोलला का?
हे काहून नाही लिहिलं?

सव्वीस वर्षं शिकवते आहे मी तो नकार.
फळ्यावर लिहिते, दोनदा अधोरेखित करते,
मुली उतरवून घेतात,
मग बेल होते.
मीही तिथंच संपवते प्रकरण.

कादंबरीत नाकारलेला माणूस
मूर्ख निघतो, नाहीतर लबाड.
वाचकाची सोय होते.
धरमपेठेत आमच्या बैठकीत जो बसला होता अकोल्याहून येऊन,
त्याने संत्रं सोललं, पांढऱ्या शिरा एकेक काढल्या,
आणि पहिली फोड माझ्या बाबांच्या बशीत ठेवली.
खोट नव्हती त्याच्यात.
मला फक्त नको होता तो.
एवढ्याशा कारणाला
कोणत्या नीतीत बसवायचं ते मला तेव्हा आलं नाही,
आजही वर्गात कोणी विचारलं तर
मी एखादं अवतरण देईन.

ताटीतून पाणी ठिबकतं आहे.
मी 'विषयांतर' खोडते.
समास दोन बोटांचा, अक्षर बारीक काढावं लागतं:

आई जेवली नाही.
बाबा जेवले, वरणात मीठ नव्हतं तरी मागितलं नाही.
गच्चीवर सगळ्यांच्या खाटा लागल्या होत्या,
माझी हातभर लांब.
कोणी सरकवली, मी पाहिलं नाही.
झोप आली नाही असं म्हणणार होते, पण आली.
पहाटे गार वारा सुटला तेव्हा
माझ्या अंगावर चादर होती.
तीही कोणी घातली, अजून माहीत नाही.
विचारलं नाही. आता विचारायला दोघंही नाहीत.

एवढं लिहून समास संपला.
चौकट रिकामी आहे, दहापैकी.
खाली रस्त्यावर बर्फाचा गोळेवाला घंटी वाजवतो आहे,
आणि शनिवारपर्यंत गुण कळवायचे आहेत,
तिने त्यांना काय कळवलं, तिने लिहिलेलं नाही.